एम म्हणजे मालवण

दोन हजार तेवीस साली मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. शिक्षण चौथी. आमच्या तारकर्लीत संध्याकाळी रापणीचं जाळं ओढणाऱ्यांचे फोटो मी मोबाइलवर काढायचो, पण मावळत्या सूर्यासमोर सगळ्यांची तोंडं काळी यायची. उजेड स्वतःच्या हाताने कमीजास्त करता येईल असा कॅमेरा मला हवाच होता.

मालवणात जुने कॅमेरे विकणारा एक जण आहे. तो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही. कॅमेऱ्यावर फुंकर घालतो आणि त्याच्याकडेच बघून बोलतो. दर सोमवारी मी जायचो, एकच कॅमेरा हातात धरायचो आणि परत ठेवायचो. एकदा तो म्हणाला, "तुमका कमी करून देतंय." मी भडकलो. "माका धरम नको!"

पुढच्या सोमवारी त्याने फुंकर घातली आणि निम्मी किंमत सांगितली. "काकानू, हेच्या चकतीवरचो ए मेलोहा. आपोआप कायव जावचा नाय. एम तेवढो जिवंत आसा, सगळा हातान फिरवूचा लागतला. एम म्हणजे मालवण, ध्यानात ठेवा."

"माका मालवणच होया," म्हणत मी पैसे दिले.

संध्याकाळी शेजारच्या मास्तरांनी चकती ए वर फिरवून माझा फोटो काढला. लख्ख आला.

"ए मेलोहा म्हणान कोणी सांगल्यान तुमका?" मास्तर हसले. मी दुकानदाराने सोडलेल्या निम्म्या पैशांचा हिशोब करू लागलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे घरचे पन्नास नारळ सोलून गोणीत भरले, पहिल्या एसटीने मालवणला गेलो आणि कॅमेरेवाल्याच्या बंद दुकानाच्या दाराला गोणी टेकवून तिच्यावर बसून राहिलो.