सुभद्राअक्का आणि वस्तीची कढई

सुभद्राअक्का कोणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी स्वयंपाकघरात शिरायच्या आणि तवा उलटा करून बघायच्या. लग्नानंतर मी चाळीसगावहून जळगावला, मेहरूणमध्ये राहायला आले, तेव्हा आमची ओळख अशीच झाली. मी चहाचं आधण ठेवत होते आणि मागून आवाज आला, "काय वं माय, हाऊ तवा शे का पत्रा?" तव्याच्या कडेला गंज चढला होता, हे खरं. पण ना ओळख ना पाळख, आणि ही बाई माझा तवा तपासते! मी काही बोलायच्या आत अक्कांनी चिंच मागितली, तवा घासला, गॅसवर ठेवून कोरडा केला, त्यावर तेलाचं बोट फिरवलं आणि मगच माझं नाव विचारलं.

अक्का धुळ्याला नर्स होत्या. निवृत्तीनंतर त्या जळगावला आल्या. पेशंटशी आणि साहेबांशी त्या शुद्ध मराठी बोलत. रागावल्या की शिंदखेड्याकडची अहिराणी सुरू व्हायची. त्यामुळे माझ्या वाट्याला बहुतेक अहिराणीच आली.

आमच्या विहारामागच्या खोलीत एक प्रचंड लोखंडी कढई आहे. अक्का तिला वस्तीची कढई म्हणायच्या. त्यांच्या गावात लग्नकार्यासाठी गावाची सामाईक भांडी होती. ती सगळ्यांना मिळायची, फक्त बौद्ध वस्तीला मिळायची नाहीत. विचारायला गेलं की किल्ली नेमकी हरवलेली असायची. "मन्हा लगीनमा भाजी घमेलामा शिजनी," अक्का सांगायच्या, आणि इतक्या वर्षांनीही त्यांच्या नाकपुड्या फुलायच्या. वाळू-सिमेंटची घमेली घासून त्यात वऱ्हाडाची भाजी! त्यानंतर वस्तीतल्या बायकांनी मजुरीतून साठवून लोहाराकडून ही कढई घडवून घेतली. पुढे वस्ती रोजगारासाठी पांगली. मागे राहिलेली कढई अक्कांनी टेम्पोत घालून जळगावला आणली. दर जयंतीला वांग्याची भाजी तिच्यातच व्हायची. भाजी झाली की कढई घासायची, तापवायची, तेल लावायचं आणि पालथी घालायची. ती इतकी जड की पालथी घालायला तीन माणसं लागत. दोन बाजू आमच्या जयंती समितीचा अध्यक्ष मिलिंद आणि मी धरायचो. तिसरी अक्का कोणाला देत नसत.

हे सगळं मिलिंदला जुनाट वाटायचं. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि जगातल्या प्रत्येक प्रश्नाचा व्हिडिओ त्याच्या फोनमध्ये असतो. एकदा पावसाळ्यात, वर्षावासाचं ग्रंथवाचन संपल्यावर, त्याने अक्कांना डिवचलं, "अक्का, चिंचेचा जमाना गेला. ॲसिड टाकलं की पाच मिनिटांत काम." अक्का तडकल्या. त्यांनी घराघरांतून गंजके विळे मागवले आणि विहाराच्या पायरीवर मांडले. एकाला मिलिंदने संडास धुवायचं ॲसिड लावलं. दुसरा विळा कोणीतरी व्हिडिओत बघितलं म्हणून कोल्ड्रिंकमध्ये बुडवला. तिसऱ्यावर ग्राइंडर फिरला. ठिणग्या पाहून पोरं खूश. चौथा घेऊन अक्का चिंच आणि विटेचा चुरा चोळत बसल्या.

ॲसिडचा विळा नव्यासारखा चमकला. ग्राइंडरचाही लखलखला. कोल्ड्रिंकवाल्याला मुंग्या लागल्या, पण गंज बराच सुटला होता. अक्कांचा विळा मात्र काळपट, दरिद्री दिसत होता. "हरल्या ना अक्का?" मिलिंद म्हणाला. अक्का आपला विळा पदराने पुसत राहिल्या. बाकीचे विळे नळाखाली धरून पायरीवरच टाकून सगळे जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ॲसिडचा विळा हळद लावल्यासारखा पिवळा. ग्राइंडरच्या ओरखड्यांत गंज भरलेला. कोल्ड्रिंकवाल्याची तीच गत. अक्कांचा काळा विळा जसाच्या तसा. मला वाटलं, आता चिंचेचे पोवाडे ऐकावे लागणार. पण अक्का आणखीच भडकल्या.

"चिंचनं काही नवल नही! मी पुसं, तापाडं, तेल लावं. तुम्ही धुवं नि निंघी गयात. गंज काढाले बठ्ठा येतस, पुसाले कोन्ही येत नही!"

हे वाक्य मग आम्ही इतक्यांदा ऐकलं की पोरं त्यांची नक्कल करू लागली. सफाई मोहिमेत फोटो काढून झाडू टाकून जाणारे पुढारी असोत नाहीतर लग्नात नाचून घरी जाणारे पाहुणे, अक्का हेच सुनवायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात अक्का डोळ्याच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला मुलीकडे गेल्या. जयंती तोंडावर आली होती. समितीच्या मनात आलं, अक्कांना खूश करावं. त्यांनी कढईवर ग्राइंडर फिरवला आणि आतून-बाहेरून चंदेरी ऑइलपेंट फासला! मग ती मंडपात चौरंगावर ठेवली, तिला झेंडूचा हार घातला, वर फलक लावला, 'आमची ऐतिहासिक कढई'. जेवणाचं काम केटररला. हेतू चांगला होता, मान्य. पण ज्या भांड्यात शिजवायचं त्याला हार घालायची बुद्धी आपल्याच माणसांना कशी होते, याचा मला आजही संताप येतो.

डोळ्यांवर काळा चष्मा लावून अक्का जयंतीच्या आदल्या दिवशी आल्या आणि मंडपाच्या दारातच थांबल्या.

"मिल्या! हाई काय करं? ती काय मरी गई का, हार घालाले?"

"अक्का, मानाने ठेवलीय..."

"मान?" अक्कांनी हार उपसून त्याच्या हातात दिला. "आते तिन्हामा भाजी टाकशी का? सांग, टाकशी का?"

अक्कांनी त्यालाच ग्राइंडर हातात धरायला लावला. त्यांना ग्राइंडरचं वावडं नव्हतं, रंगाचं होतं. रंगाचा शेवटचा कण निघेपर्यंत त्या खुर्ची टाकून समोर बसल्या. मग चिंच, मग चुलीवरचा ताव, मग तेल, पुन्हा ताव, पुन्हा तेल. जयंतीच्या दिवशी भाजी कढईतच झाली. मिलिंदने दोनदा वाढून घेतली, आणि तेव्हापासून कढईला तेल लावायला मी पोचायच्या आधी तो हजर असायचा.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मंडप भरला होता. ज्यांनी अक्कांच्या दारात कधी पाय ठेवला नव्हता, तेही माईकवर गहिवरून बोलत होते. एका साहेबांनी ठराव मांडला की अक्कांची आठवण म्हणून कढई काचेच्या पेटीत ठेवावी. टाळ्या पडल्या! मला उठून ओरडावंसं वाटलं, पण मागून मिलिंदच उभा राहिला.

"ठेवा पेटीत," तो म्हणाला. "आज अक्कांच्या जेवणाला घमेली आणतो मग."

जुन्या बायकांनी माना खाली घातल्या. ठराव पुन्हा कोणी काढला नाही. कढई चुलीवर चढली आणि भाजी तिच्यातच झाली.

जेवणं आटोपली. आम्ही कढई नळाजवळ ओढून आणली. पेटीचा ठराव मांडणारे साहेब तिथे हात धुवायला आले, त्यांनी सरळ कढईतच हात धुतले, "भाजी छान झाली होती हं," म्हणाले आणि गाडीला किक मारून गेले. त्यांच्यामागे बाकीचेही. डोळे पुसणारे सगळे गेले, कढई पुसायला आम्ही दोघं उरलो. मी इतकी चिडले होते की चिंच चोळताना बोटं सोलली तरी कळलं नाही. मिलिंदने निखारे ओढून कढई तापवली, मी तेल लावलं.

मग ती पालथी घालायची होती. मिलिंदने एक काठ धरला, मी दुसरा धरला. मंडपात आता कोणीच नव्हतं, आणि आम्ही दोघं तसेच वाकून तिसऱ्या माणसाची वाट बघत राहिलो.