याय बुआलायने बांधलेला मुंग्यांचा पूल

याय बुआलाय कुणाचे उपकार मानत नाही. पाऊस वेळेवर आला तरी म्हणते, "कालच यायला काय झालं होतं?" आमच्या इसानात, म्हणजे थायलंडच्या ईशान्य भागात, आजीला याय म्हणतात, आणि या आजीच्या तोंडाला लागायची हिंमत गावात कुणाची नाही. पण तिचा कोंबडीचा रस्सा! त्यात गांजाची कोवळी पानं घालायची आमची जुनी रीत आहे, नशेसाठी नव्हे, चवीसाठी. मधली कितीतरी वर्षं कायदा कडक होता, तरी तिच्या रश्शाची चव काही बदलली नाही. एकदा एक हवालदार वाटीवर वाटी रिचवून म्हणाला, "याय, यात घालता तरी काय?"

"गवती चहा."

"आणि कुंपणाला ते काय उगवलंय?"

"तोच की. यंदा जरा अंगाने भरलाय."

हवालदाराने आणखी एक वाटी मागितली.

पुढे सरकारने मोकळीक दिली आणि यायने कुंपणालगत उघड उघड झाडं लावली. सोंगक्रानला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, परगावी कामाला गेलेली पोरं घरी येतात. त्या दिवशी विहाराच्या अंगणात पाल्याचा रस्सा राजरोस वाढणार, असं तिने गावभर सांगून ठेवलं. माझ्या दुकानात साबण घ्यायला आली तरी तेच पुराण.

उन्हाळा तापला तशी कीड आली. नाकतोडे आले, ते तिने तळून खाल्ले. मग हिरव्या अळ्या आल्या आणि एकेक पानाची चाळण झाली. पाला रश्शात जायचा, म्हणून विषारी औषध मारायची सोय नाही. तिने लसूण-मिरचीचं पाणी शिंपडलं. अळ्यांना बहुतेक तोंडी लावायला चटणी मिळाली, कारण दुसऱ्या दिवशी त्या दुप्पट जेवल्या.

कुंपणापलीकडे लुंग थोंगयोय राहतो. लुंग म्हणजे मामा, अख्ख्या गावाचा. त्याच्या आंब्यावर तांबड्या मुंग्यांची पानं शिवून केलेली घरटी होती. या मुंग्या अळ्यांचा फडशा पाडतात, पण लुंग त्यांना जपायचा तो त्यांच्या अंड्यांसाठी. अंड्यांची कोशिंबीर म्हणजे आमचा उन्हाळ्यातला मेवा. यायने एक घरटं मागितलं.

"छे! फी, नाकतोडे तळलेत ना? मग अळ्याही तळा," लुंग म्हणाला. तिला तो फी म्हणतो, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं, पण असा म्हणतो की शिवी बरी.

याय तडक माझ्या दुकानात दोरी घ्यायला आली, तेव्हाच मला शंका आली. लुंग शेतावर गेल्यावर तिने त्याच्या आंब्याच्या फांदीपासून आपल्या पेरूपर्यंत दोरी ताणली आणि पेरूला सुक्या माशांची डोकी टांगली. पेरूच्या फांद्या गांजाच्या झाडांवरच टेकल्या होत्या. मुंग्या वरातीसारख्या निघाल्या. थोड्या दिवसांत अळी औषधालाही उरली नाही आणि पेरूवर घरटी लोंबू लागली.

लुंगने दोरी पाहिली आणि भडकला. "माझ्या मुंग्या चोरल्या!"

"झाड ज्याचं, घरटं त्याचं. गावाचा नियम आहे, विचार कुणालाही."

संतापाच्या भरात त्याने कोयत्याने दोरी तोडली आणि तिथेच फसला. राणी कधीच पेरूवर मुक्कामाला गेली होती, आता परतीची वाटही त्याने स्वतःच बंद केली. आंब्यावर नुसती वाळकी घरटी राहिली. मी आठवडाभर हसत होते.

सोंगक्रानची सकाळ उजाडली. चुलीवर कोंबड्या शिजत होत्या. याय टोपली घेऊन पाला खुडायला गेली आणि किंचाळतच मागे फिरली. मुंग्यांना झाडं आपलीच वाटत होती, अळी काय आणि मालकीण काय. पाणी मारलं तर पानांमागे दडल्या आणि पुन्हा बाहेर आल्या. तिचे हात सुजले.

"तू जा ना," ती मला म्हणाली.

"मला दुकान आहे, तिथे हात लागतात," मी म्हणाले.

कुंपणापलीकडे लुंग पायरीवर बसला होता. अंडी काढायची लांब काठी आणि टोपली शेजारी पडून होती. त्याचा मुलगा विचान दुपारी तैवानहून यायचा होता, कितीतरी वर्षांनी. फोनवर त्याने एवढंच मागितलं होतं, आपल्या मुंग्यांच्या अंड्यांची कोशिंबीर. हे यायला ठाऊक होतं. मला तिचा राग आला.

"बोल की गं एकदा," मी म्हणाले. "रस्साही जाईल आणि त्याचं पोरही उपाशी बसेल."

तिने उकळत्या पातेल्याकडे पाहिलं, पदर नाही म्हणून कमरेला गुंडाळलेल्या साराँगचंच टोक खोचलं आणि कुंपणाशी गेली. "थोंगयोय, मुंग्या घेऊन जा."

"कुणाच्या?"

"मुंग्या रे!"

"हो, पण कुणाच्या?"

"तुझ्या, मेल्या! तुझ्याच आहेत!"

लुंग उठला. मुंग्या चढू नयेत म्हणून हातापायांना पीठ चोळून तो पेरूखाली आला. काठीच्या टोकाची टोपली घरट्यांना भिडवून अंडी झाडून घेताना निम्म्या मुंग्या त्याच्या डोक्यावर पडल्या, तरी तो हसत होता. मग त्याने पालाही खुडून दिला.

दुपारी विहाराच्या अंगणात पंगत बसली. विचानने रश्शाबरोबर तोंडी लावायला ठेवलेलं एक कोवळं पान उचलून उजेडात धरलं. "याय, एक भोक नाही! काय मारलंत झाडांवर?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. थाप मारायला ती कधी कचरली नव्हती.

"तुझ्या बापाच्या मुंग्यांनी पाला राखलाय," ती म्हणाली. "मी चोरून आणल्या होत्या."

लुंगने मान खाली घातली आणि वाटी तोंडाला लावली. बराच वेळ त्याने ती खाली ठेवली नाही. ठेवली तेव्हा डोळे पुसत म्हणाला, "मीठ कमी आहे, फी."

तिच्या रश्शाला आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. यायने सुजलेल्या हाताने त्याची वाटी ओढली, मीठ टाकलं, ढवळलं आणि पुन्हा त्याच्यापुढे ठेवली.