मसाल्याच्या फळीवरचा चोथा

देवानं रिटायर माणसाला भजनी मंडळ तरी द्यावं, नाहीतर मधुमेह तरी. निदान सकाळचा घराबाहेर पडतो. आमच्या ह्यांना त्यानं कॉफीचा चोथा दिला.

झालं असं, की मुलगा आणि सून बेंगळुरूला नोकरीला. दिवाळीला येताना सुनेनं पितळी फिल्टर आणि कॉफीची पूड आणली. हे होटगीला रेल्वेत होते. उभ्या नोकरीत चहाशिवाय दुसरं काही प्यायले नाहीत आणि प्यायलेला कप कधी उचलून मोरीत ठेवला नाही. पण सुनेनं "बाबा, कशी झालीय?" म्हणून विचारलं आणि कॉफी एकदम अमृत झाली. फिल्टरमधला चोथा मी मोरीत उपडा करणार, तोच हे ओरडले, "अगं थांब! टाकतीस कुटं? लई उपयोगाचं असतंय ते!" मोबाईलवर कुणीतरी तसं सांगितलं होतं. घरातली बायको चाळीस वर्षं काहीबाही सांगत होती, ते कधी कानात गेलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडं दिवसातून दोनदा कॉफी होऊ लागली, का तर चोथा पाहिजे. गच्चीवर जिथं मी कुरडया घालते तिथं जुन्या चादरीवर चोथ्याचं वाळवण पडलं. ऊन काय, सोलापुरात मागाल तेवढं. दोन दिवसांत खडखडीत. पहिल्यांदा तो गुलाबाला घातला. गुलाबानं पानं टाकली. "सवय व्हायला वेळ लागतोय त्याला," इति कृषितज्ज्ञ. मग चोथ्यानं कढया घासल्या. कढई जरा निघाली हे खरं, आणि मोरी तुंबली हेही खरं. मग कलेकडं वळले. माझा पांढराशुभ्र टॉवेल चोथ्याच्या पाण्यात उकळून त्याला 'नैसर्गिक रंग' दिला. शेजारी तेलुगू विणकरांचं घर आहे. तिथल्या आजोबांचा सगळा जन्म सूत रंगवण्यात गेला. ह्यांनी मोठ्या कौतुकानं टॉवेल त्यांना दाखवला. आजोबांनी तो उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "धुतल्यावर जाईल ना हा डाग?"

मी हसत होते, टोमणे मारत होते, पण त्या चोथ्याची मला मनातून धास्ती होती. कारण प्रत्येक प्रयोगाला हे वाटी माझ्या नाकाशी आणायचे. "घे वास. कसा घमघमतोय बघ." आणि मला वास येत नव्हता. कशाचाच नाही. दोन वर्षांपूर्वी तापातून उठले ते नाक गमावूनच. डॉक्टर म्हणाले, येईल, नाहीतर नाही येणार. त्यांचं बरं असतं, काही झालं तरी तेच खरे. मी घरात कुणाला सांगितलं नाही.

सांगून काय झालं असतं ते मला पाठ होतं. आधी "आई, तुम्ही गॅसपाशी जाऊ नका, स्वयंपाकाला बाई लावू", मग "तुम्ही दोघं इकडंच या". सून वाईट नाही हो, मायेनंच म्हणाली असती. पण मायेनं झारा काढून घेतला तरी हात रिकामाच होतो. वळसंगच्या शेतकऱ्याची मी पोर, शाळा जेमतेम झाली. माहेरी-सासरी मला ओळखतात ते काळ्या तिखटामुळं. मसाला भाजताना दगडफूल करपायला आलं की मला पुढच्या खोलीत बसून कळायचं. डब्यांवर नावं चिकटवणाऱ्या बायकांना मी हसायचे. नाक गेल्याचं बाहेर कळलं असतं तर माझं चुलीपुढचं राज्य संपलं असतं, आणि मला ते सोडायचं नव्हतं.

म्हणून डोळ्यांवर आणि अंदाजावर रेटत होते. ह्यांनी फ्रीजमध्ये वाटीभर चोथा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दार उघडून विचारलं, "गेला की न्हाई वास?"

"गेला की," मी म्हटलं. खोटं बोलायची इतकी सवय झाली होती, की आता जीभही अडखळत नव्हती.

होळीला मुलगा-सून चार दिवस आले. पुरण शिजवलं, आमटीसाठी कट काढला. आमच्यात नैवेद्याचं आधी चाखत नाहीत. देव आधी, आपण नंतर. पूर्वी माझं काही अडायचं नाही, वाफ नाकात गेली की मीठसुद्धा कळायचं. आता नुसता अंदाज. फोडणी टाकली, फळीवरची बरणी काढली आणि तीन चमचे घसघशीत घातले. रंग असा सुरेख आला, की मीच माझ्यावर खूश झाले.

नैवेद्य दाखवला. तिघं जेवायला बसले, मी वाढायला. सुनेनं एक भुरका मारला आणि पाणी प्यायली. मुलगा पुरणपोळी दुधाबरोबर खाऊ लागला. हे मात्र वाटी संपवून म्हणाले, "अजून वाढ." ह्यांनी काही परत मागायचं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवला. मी ऐटीत वाढली.

मग माझं पान घेतलं. पहिल्याच घासाला दाताखाली कचकच. वास नसला तरी कडू कळतं हो जिभेला. उठून फळीपाशी गेले. एकाच दुकानातून एकदमच घेतलेल्या दोन बरण्या, दोन्हींत काळपट भुगा. एकीत माझं तिखट, दुसरीत ह्यांचा चोथा. देवाला, पोटच्या पोराला आणि नवऱ्याला मी गुलाबाचं खत वाढलं होतं.

तोंड सुटलं ते ह्यांच्यावरच. "मसाल्याच्या फळीवर चोथा ठेवायची अक्कल कुणी शिकवली तुम्हाला? आणि वर दोन वाट्या रिचवल्या! जीभ हाय का चामडं? कळलं न्हाई?"

"कळलं की," हे म्हणाले.

"मग बोलायला काय धाड भरली होती?"

सून ताटात बघत बसलेली. मग हळूच म्हणाली, "आई, दिवाळीला करंज्यांतलं खोबरं खवट होतं, तेव्हाही आम्ही बोललो नव्हतो."

"आन् लसूण तर रोजच करपतोय," हे म्हणाले. "रोजचं सांगत बसलो असतो तर जेवलो कवा असतो? दूध नासलं तर मी गुपचूप बदलून आणतोय. तू चुलीपासनं हाललीस की गॅसचं बटन बघून येतोय. दोन वर्सं झाली."

ज्यांच्यापासून दोन वर्षं लपवलं, ते दोन वर्षं माझं खवट आणि करपलेलं मुकाट गिळत होते, आणि मी त्यांना टोमणे मारत होते. लाज वाटली. पदर तोंडाला लावून उभ्याउभ्या रडले.

"लावा आता बाई स्वयंपाकाला," मी म्हटलं.

"कशाला?" हे म्हणाले. "हात कुटं गेलेत तुझे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कढईत तेल तापलं, मोहरी तडतडली, लसूण टाकला. झाला का करपला, कळेना. डोळे बारीक करून बघितलं, तरी कळेना. मग जिन्यापाशी जाऊन गच्चीकडं हाक मारली, "अहो, तो चोथा राहू द्या तितंच. नाक घेऊन खाली या."