नानांनी न बघता केलेली सही

नाना माझ्या स्क्रीनवर बोट टेकवून आधी एकच प्रश्न विचारायचे, "इथं कदी उबी राह्यली हायस?" पहिल्याच दिवशी मी फटकन म्हटलं, "नाना, मी एसीत बसते, चिखलात नाही." त्यावर चिमूटभर तपकीर ओढून म्हणाले, "मग तुजी रेघ पन एसीतलीच व्हनार." अस्सा राग आला होता मला!

आमचं ऑफिस अलिबागला, एका कंत्राटदाराचं. गावांचे जुने कागदी नकाशे कॉम्प्युटरवर चढवायचे आणि त्यांतल्या हद्दी उपग्रहाच्या चित्रावरून काढलेल्या रेषांशी जुळवायच्या. जुळवायच्या म्हणजे काय, एक बटण दाबायचं. अंतर ठरवून दिलं की तेवढ्या टप्प्यातली प्रत्येक हद्द आपोआप सरकून जवळच्या रेषेला चिकटायची. सकाळचं काम चहा होईस्तोवर उरकायचं. नाना निवृत्त भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीवाले. छापून आलेले नकाशे लाल पेन्सिलीने तपासून सही करणं, एवढ्यासाठी त्यांना ठेवलं होतं.

"हद्द उगाच वाकत न्हाय," ते म्हणायचे. "वाकडी दिसली का आदी इचारायचं, कुनापायी वाकली." एकदा मी वैतागून म्हटलं, "मग ही कुणापायी वाकलीय, दाखवा!" तर खरंच स्कूटरवर बसवून रेवदंड्याच्या बाजूला घेऊन गेले. एका वाडीची हद्द विहिरीच्या मधोमध शिरली होती. "ह्या दोन घरांचं बोलनं बंद हाय, आजोबांपासनं," नाना म्हणाले. "पन पानी एकाच हिरीचं. तुज्या बटनानं एका घराची हीर गेली असती." परत येताना नाना वाटेत थांबले. त्यांनी मला वडापाव खिलवला आणि टोमणा मात्र मारला नाही.

मग त्यांच्याच गावाचा नकाशा आला. गाव खारेपाटातलं, खाडीचं पाणी बांधाने अडवून केलेली भातशेती. बांधाला एके ठिकाणी मोठा बाक होता. वर तिवरांची झाडी माजलेली, त्यामुळे उपग्रहाच्या चित्रात तो दिसतच नव्हता, आणि बटणाने तो सरळ करून टाकला होता. नानांनी तिथे लाल गोल इतक्या जोरात काढला की पेन्सिलीचं टोक तुटलं.

"मी सात वर्सांचा व्हतो," ते खुर्ची ओढून बसले. "उधानाच्या भरतीनं बांधाला खांड पाडली. आख्खा गाव चिखल टाकाया धावला. माजा दादा छातीभर पान्यात उबा. बघता बघता खाली गेला. गावलाच न्हाय."

गावाने मग दादा गेला तो खड्डा तसाच सोडला आणि मागून वळसा घालून नवा बांध घातला. तिथे कुणी कधी फावडं लावलं नाही. दरवर्षी बांधाची दुरुस्ती निघाली की पहिलं ढेकूळ दादाच्या नावाने पडायचं. "तो आत उबा हाय गं पोरी," नाना म्हणाले. "त्याला हलवू नको."

मी त्यांच्यासमोर तो बाक हाताने परत बसवला. पण नकाशे द्यायच्या दिवशी शेजारच्या गावांच्या हद्दींत फटी दिसल्या, साहेब डोक्यावर उभे, आणि मी सगळ्या तालुक्यावर पुन्हा एकदा तेच बटण दाबलं. हाताने बसवलेली रेषा आधी कुलूपबंद करायची असते. मी केली नव्हती; बाक पुन्हा सरळ झाला. नाना सहीला बसले. आपल्या गावाचं पान आल्यावर माझ्याकडे बघून हसले. "तू केलंयस ना? मग मी बगत न्हाय." जन्मात पहिल्यांदा त्यांनी न बघता सही केली.

बांधाच्या दुरुस्तीला तोच नकाशा गेला. गावातली माणसं धावत पोचेपर्यंत पोकलेनने सरळ रेषेत तिवरं उपटून खणायला घेतलं होतं. चिखलाबरोबर हाडं वर आली, आणि चांदीचा एक काळा पडलेला करदोटा. आईने दादाला घातलेला. नानांनी तो ओळखला. गावाने नकाशा मागवला, खालची सही बघितली. "व्हय, माजीच हाय," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले तेव्हा मी, "नाना, ते माझ्याकडून..." एवढंच बोलू शकले. त्यांनी हात वर केला. "सही माजी. इषय संपला." पुन्हा ते आले नाहीत. चार महिन्यांत गेल्याची बातमी आली. मी मयताला गेले नाही, ताप आहे म्हणून सांगितलं. कसला ताप आणि कसलं काय! तेव्हापासून बटणावर बोट ठेवलं की कुणीतरी पाठीशी येऊन उभं राहतं. तपकिरीचा वास येतो. मी वळून बघते, दरवेळी.

दीड वर्षाने धीर करून त्यांच्या घरी गेले. काकी, नानांच्या पत्नी, तांदूळ निवडत होत्या. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मला ठाव हाय. मला कशाला सांगतेस? बांधावर मानसं हायत, त्यांना सांग." आणि माझा हात धरून स्वतःच निघाल्या.

बांधावर सातआठ जण होते. मी सांगितलं, अडखळत, पण सगळं.  एका म्हाताऱ्याने विचारलं, "मग नाना येवडे दिवस गप का राह्यला?"

"पोरीची नोकरी नवी व्हती म्हनून," माझ्यामागून काकी म्हणाल्या.

म्हातारा काकींकडे वळला. तो नानांचा शाळेपासूनचा दोस्त, हे मला नंतर कळलं. "वयनी," तो म्हणाला, "त्याच्या मयताला आमी कुनी आलो न्हाय."