नर्मदाकाकीच्या दुकानातला भाव

पुण्याच्या एका संस्थेने सारिकाला काम दिलं होतं. दर महिन्याला मालवणच्या बाजारात दहा वस्तूंचे भाव विचारायचे, त्याच वस्तूंचे मोबाइलवरच्या ऑनलाइन दुकानात बघायचे आणि महागाई कुठे जास्त चढते ते तक्त्यात भरून पाठवायचं. मानधन बेताचं, पण सारिकाचा तोरा कलेक्टरचा. गळ्यात ओळखपत्र अडकवून ती पेठेत शिरायची आणि सगळ्यात आधी नर्मदाकाकीच्या दुकानात जायची.

आई मासळीची पाटी घेऊन बाजारात बसायची तेव्हा लहानगी सारिका याच दुकानात तांदळाच्या पोत्यावर झोपलेली असे. आई गेली, पण काकीची माया आटली नाही.

"काकी, खोबरेल अर्धा लिटर कितक्याक?"

"सव्वादोनशे."

मोबाइलवर तेच तेल पाच महिन्यांत तीनशेच्या वर गेलं. काकीचं आपलं सव्वादोनशेच. डाळ तशीच, साबण तसाच. सारिकाला वाटलं, आपल्याला मोठाच शोध लागला. ती स्वतः तेल तिथूनच न्यायला लागली. वर बचत गटाच्या बैठकीत ऐटीत म्हणाली, "मोबाइलवर लुटतत गो. काकीकडे जावा, माझा नाव सांगा." बाया गेल्या आणि नाव सांगून पिशव्या भरून आल्या.

मग पुण्याहून फोन आला. या एकाच दुकानात महागाई कशी नाही, पुन्हा पडताळा. सारिकाचं डोकं फिरलं. मी काय घरात बसून आकडे ठोकते? ती तरातरा दुकानात गेली.

तिथे शाळेतल्या योगिनी मॅडम तेच अर्धा लिटर खोबरेल घेत होत्या. "तीनशे धा," काकी म्हणाली. मॅडमनी पैसे दिले आणि गेल्या. सारिका पेन घेऊन पुढे सरकली.

"काकी, माका सव्वादोनशे सांगलंस ता?"

"तू इचारलंस मगे. तू घरचीच पोर. घरच्या चेडवाक बाजाराचो भाव कित्या सांगू?"

"तुका कितक्याक पडता?"

काकीने उगाचच बरणी पुसायला घेतली. "दोनशे नव्वद."

"आणि गटातल्या बायलो आयल्यो, तेंका?"

"तुझा नाव घेवन आयल्यो. तुझो शब्द खाली कसो पडाक देव?"

सारिकाला आता हिशोब लागला. महागाई मोजायला निघालेली ही शहाणी, आणि पाच महिने ती महागाई एकट्या म्हातारीने सोसली होती. इतरांना कितीला देतेस, एवढं साधं विचारायचं तिला एकदाही सुचलं नव्हतं. स्वस्त मिळतंय म्हटल्यावर तिला विचारायचं नव्हतंच, हे खरं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की काकीकडे मान वर करून बघवेना.

तिने तक्त्यातले जुने आकडे खोडले. मग एक बाटली उचलली आणि तीनशे दहा रुपये काउंटरवर ठेवले. काकीने ते मागे सरकवले. सारिकाने पुन्हा पुढे केले.

"घे गो काकी. माझ्यासाठी घे."

"म्हणजे आता तूय गिऱ्हाईक झालंस," काकी म्हणाली.

तिने नोटा उचलल्या आणि मोजून घेतल्या. सारिकाने दिलेले पैसे ती आजवर कधी मोजत नसे.