रिकाम्या वर्गाची हजेरी

ऑफिसात सगळे तिला शंकाताई म्हणत. मुलं मार्गी लावून, सासूबाईंचं दुखणं निस्तरून उशिरा नोकरीला लागलेली बाई ती. शंका घ्यायचाच पगार मिळतोय म्हटल्यावर नावाला लाजते कशाला? फक्त नोकरी अजून कच्ची होती. कायम करायचं की नाही, ते साहेब आज संध्याकाळी सांगणार होते.

काम ऐकायला सोपं. प्रोग्राम कसा वागायला हवा ते साध्या वाक्यात लिहायचं, आणि त्याखाली कॉम्प्युटरला कळेल अशी तपासणी, म्हणजे टेस्ट. प्रोग्राम तसा वागला तर वाक्य हिरवं, नाहीतर लाल. सध्याचा प्रोग्राम घरोघरी जाणाऱ्या नर्सबायांसाठी होता, आणि त्यातलं तिचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य होतं : रुग्णाला न चालणारं प्रत्येक औषध नर्सला ठळक दिसायला हवं.

"नव्या सुनेला पढवावं तसंच की हे," सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या. "अशी वाग, तशी वाग."

"हो आई. फक्त हा उलटून बोलत नाही."

तिची एक खोड होती. टेस्ट हिरवी आली की ती कोड मुद्दाम मोडायची. मडकं घेताना टिचकी मारून बघावं, तसं. मोडल्यावर टेस्ट लाल झाली तरच ती खरी. पण गेल्या घाईच्या आठवड्यात नेमक्या त्याच वाक्याला टिचकी मारायची राहून गेली होती.

"सगळं हिरवंगार!" शेजारचा दाढीवाला प्रोग्रामर खुर्ची मागे ढकलत म्हणाला. उद्या सकाळी नर्सबाया प्रोग्राम वापरायला घेणार होत्या. "आता तरी हसा, शंकाताई."

"हसते. एवढी एक टिचकी मारू दे."

तिने औषधं ठळक करणारी ओळच खोडली आणि टेस्ट चालवली.

हिरवी.

तिने खुर्ची पुढे ओढली. तपासणी वर-खाली वाचताना उमगलं. दुसऱ्या कशासाठी तरी तिनेच तपासणीपुरते रचलेले नमुन्याचे रुग्ण पुसले होते आणि परत भरायला विसरली होती. 'प्रत्येक औषध' तपासायचं होतं, पण तपासायला औषधच नव्हतं. रिकाम्या वर्गात हजेरी घेतली, तर गैरहजर कोण निघणार?

गुपचूप दोन रुग्ण भरले असते तर कोणाला पत्ताही लागला नसता. तिने भरलेही. खोडलेली ओळ परत घातली, टेस्ट चालवली, आणि आता ती लाल! एका रुग्णाला दोन औषधं चालत नव्हती, प्रोग्राम मात्र पहिलंच दाखवून गप्प बसत होता.

दाढीवाल्याचा चेहरा उतरला. "चूक माझ्या कोडमध्ये आहे. तसंच सांगा साहेबांना. तुमचं कशाला अडवता आज?"

"तुझी तुझ्यापाशी, माझी माझ्यापाशी," ती म्हणाली आणि साहेबांच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "आठवडाभर तुमची टेस्ट हिरवी होती, बाई!"

"खोटी हिरवी होती. चूक माझीच. उद्या प्रोग्राम देऊ नका."

 मग त्यांनी मुख्य नर्सबाईंना फोन लावून दोन दिवस मागून घेतले. ती तिथेच उभी. बस म्हणायचं त्यांनाही सुचलं नाही, आणि कायम व्हायचं कसं विचारावं हे तिला सुचेना.

"यापुढे कोणाचीही टेस्ट तुम्ही टिचकी मारल्याशिवाय पुढे जाणार नाही," फोन ठेवत ते म्हणाले. "तुमची स्वतःची तर नाहीच नाही."

"म्हणजे मी..."

"कच्च्या माणसावर एवढं ओझं टाकतो का मी? जा, त्या पोराला मदत करा. रडकुंडीला आलाय."

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "झालीस का कायम?"

"झाले. मोठी चूक केली, ती कबूल केली, म्हणून."

"अगंबाई!" त्यांनी तिच्या खांद्यावरची पर्स काढून घेतली. "चुकांवर कायम करतात होय? मग आमच्याकडे तू पहिल्याच महिन्यात झाली होतीस."