सोंड तुटू नये म्हणून

सोंड परत तुटली. ट्रे बाहेर काढला तर सगळे हत्ती बिनसोंडेचे. काखेत पोरगी रडतेय, हातात गरम ट्रे, आणि मागे आत्या उभ्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई.

"हाई काय शे वं?"

"हत्ती."

"डुक्कर शे."

खरं तर डुक्करच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी पुरुषोत्तमनगरला, कारखान्याच्या कॉलनीत, एका म्याडमच्या नातवाचं बारसं होतं. त्यांनी हत्तीची बिस्किटं सांगितलेली. माझी पहिली मोठी ऑर्डर. तोवर शहाद्यात आमच्या गल्लीपुरती नानकटाई करायची, बास. मी नववीपर्यंत शिकलेली, बेकिंग सगळं मोबाईलवर बघून. ओव्हन नणंदेचा, तिच्या नव्या घरात जागा नाही म्हणून आमच्याकडे. आत्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, ही ऑर्डर बिघडली की ओव्हन माळ्यावर आणि परत मैद्याचं नाव नाही. मला तर झोपेतही माळाच दिसत होता.

आता कटर म्हणजे काय ते सांगते. बिनबुडाचा साचा. पीठ लाटायचं, वरून दाबायचा, आकार सुटून येतो. दिसायला एवढं सोपं. पहिला कटर मी मोबाईलवरून मागवला, प्लास्टिकचा, गुलाबी, इतका गोड की पोरगी तो सोडेचना. पण त्याची खालची कड जाड. तो पीठ कापायचाच नाही, नुसता चेपायचा, आणि सोंड आतच बसायची, मग सुईने उकरून काढा. दुसरा खांडबाऱ्याच्या बाजारातून आणला, पत्र्याचा. त्याला धार होती, पण दोन्हीकडून. वरची कड दुमडलेली नव्हती, दाबला तर माझाच तळहात कापला. वर त्याचा जोड सुटला आणि हत्तीचं पोट उघडं पडलं.

तो जोड दाबून बसवला, तरी सोंड तुटायचीच. पोरीला मांडीवर घेऊन मी एका तुटक्या हत्तीकडे बघत बसले. सोंड बारीक, बाहेर लोंबती. पोट भाजेपर्यंत ती करपून कडक व्हायची, उचलली की कट. मग माझ्या डोक्यात आलं, ती लोंबतेय कशाला, तिला पायाला चिकटवून टाकू ना.

तशीच उठले, पोरगी काखेत, आणि बाजारात पत्र्याचे डबे बनवणाऱ्या चाचांकडे पळाले. कागदावर हत्ती काढून दाखवला. पाय आखूड, सोंड वळून पायाला टेकलेली, शेपूट जाड, वर उचललेली.

"चाचा, खालून धार पाहिजे, वरून कड दुमडा. आणि उंच करा थोडा, म्हणजे बोटं पिठाला लागत नाहीत."

चाचांनी कागद उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. "बेटी, ये हाथी है के चाय की किटली?"

"हाथी है."

"मेरे को क्या, मैं किटली बना देता हूँ, तू हाथी बोल."

घरी येऊन पीठ फ्रिजमध्ये गार केलं, कटर प्रत्येक वेळी मैद्यात बुडवला. सोंड आणि पाय यांच्यामधलं भोक पेनाच्या टोपणाने पाडलं. ट्रे काढला आणि मी स्वयंपाकघरात नाचलेच. एकही सोंड तुटली नव्हती. आत्यांनी एक उचलून हलवून बघितलं, परत ठेवलं. "हं," म्हणाल्या. त्यांचं हं म्हणजे बक्षीस.

बारशाला आत्या माझ्यासोबत आल्या. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या, चहा आला आणि माझं ताट फिरलं. म्याडमच्या सासूबाई, सगळे त्यांना मोठी आई म्हणत होते, त्यांनी हत्ती दोन्ही हातांनी घेतला. कपाळाला लावला. पाळण्याजवळ ठेवला.

म्याडम म्हणाल्या, "आई, खायचं आहे ते."

"गनपती शे, माय. गनपतीले दात लावतस का?"

झालं. पुढच्या बाईनेही कपाळाला लावून ठेवला. तिच्या पुढच्या बाईनेही. पाळण्याजवळ हत्तींचा ढीग, कोणीतरी त्यावर हळदीकुंकूही वाहिलं. म्याडम माझ्याकडे बघायला लागल्या आणि मला माळा दिसायला लागला.

घाबरले की माझं तोंड आपोआप चालतं. मी म्हणाले, "मोठी आई, गनपती नही, किटली शे ती."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी आत्यांकडे बघितलं. वाटलं, आता या म्हणतील, डुक्कर शे.

आत्यांनी पदर सारखा केला. "किटलीच शे. मन्हा डोयासमोर बनाडी तिनी. हाऊ कान, हाई तोटी."

कान म्हणजे सोंड, तोटी म्हणजे शेपूट. मोठ्या आईंनी ताटातलं एक घेतलं, भोकात बोट घालून धरून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"किटली तं दिसस," त्या म्हणाल्या. "किटलीमा चहा टाकतस. आते किटलीच चहामा टाकू."

आणि बुडवून खाल्ली. मग काय, ताटात चुरासुद्धा राहिला नाही. हळदीकुंकू लागलेले तेवढे पाळण्याजवळच राहिले.

म्याडमनी मला बाजूला घेतलं. "मी हत्ती सांगितले होते ना गं?"

"हत्तीच आहेत म्याडम. फोटोत हत्ती, खाताना किटली."

त्या इतक्या हसल्या की पाळण्यातलं बाळ दचकलं.

ओव्हन अजून ओट्यावरच आहे. कॉलनीतून परत ऑर्डर आली, पण किटलीची. हत्ती कोणी मागत नाही. तुम्हाला घरी करायचं असेल तर कटर असा घ्या, खाली पातळ धार, वर दुमडलेली कड, कुठेही लोंबतं टोक नाही. आणि घेण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दाखवा. त्यांनी हात जोडले तर तो कटर दुकानातच ठेवा.